हॉस्पिटलचे बिल मंजूर, औषधांचे नामंजूर

प्रश्न : स. न. वि. वि. मी हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतो आणि सिंहगड रस्त्यावर आई-वडिलांसोबत राहतो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दोघांचीही नावे आहेत. वडील ६३ वर्षांचे असून त्यांना पित्ताचा त्रास फार जुना आहे. गेली दोन वर्षे ते रोज पॅन्टोप्राझोल घेत होते. पाच आठवड्यांपूर्वी रात्री छातीत जोरात दुखू लागल्यामुळे त्यांना दाखल करावे लागले. हृदय ठीक निघाले, पण एन्डोस्कोपीत आम्लामुळे अन्ननलिकेला जखमा झाल्याचे दिसले. अहवालात ‘ग्रेड सी’ असे लिहिले आहे. हॉस्पिटलचे बिल कॅशलेस मंजूर झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी व्होनोप्राझान २० मिलिग्रॅम आठ आठवडे घ्यायला सांगितले असून पुढे कदाचित सहा महिने १० मिलिग्रॅमची गोळी लागेल, असेही ते म्हणाले. पहिल्या महिन्याची औषधे आणि फेरतपासणीची फी यांची बिले मी पाठवली, तेव्हा टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दाव्यांचे कागद हाताळणाऱ्या संस्थेकडून) एका ओळीचा ई-मेल आला : “अँटासिड देय नाही (एक्सक्लूजन १४). ओपीडी खर्च समाविष्ट नाही.” न्यू जर्सीत राहणारी बहीण म्हणते की आधी ‘प्रायर ऑथरायझेशन’ माग. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात की वडिलांना एक दिवस ॲडमिट दाखवू, म्हणजे सगळेच बसेल. इकडे वडिलांनी मात्र “पित्तासाठी एवढे पैसे कशाला” असे म्हणत आठवड्यापूर्वी गोळीच बंद केली आणि ते ईनोवर भागवत आहेत. रक्कम काही हजारांचीच आहे. भांडावे की सोडून द्यावे?

उत्तर : तुमचा प्रश्न विम्याचा आहे, परंतु पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. वडिलांनी गोळी बंद केली आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच्या आज कळवा. अन्ननलिकेच्या जखमांची तीव्रता ए ते डी अशा चार पायऱ्यांत मोजली जाते, आणि सी म्हणजे जखमा एकमेकींना जोडल्या जाऊन अन्ननलिकेच्या परिघाचा बराच भाग व्यापू लागल्या आहेत. ईनोमधील सोडा पोटात आधीच तयार झालेले आम्ल काही काळ मारतो, त्यामुळे ढेकर येऊन बरे वाटते. पण आम्ल तयार होणे तो थांबवत नाही आणि जखम भरून येण्यासाठी नेमके तेच आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. शिवाय त्यात सोडियम भरपूर असते, तेव्हा वडिलांना रक्तदाबाचा विकार असेल तर रोज ईनो घेणे हा आणखी एक त्रास मागे लावून घेणे होय. गिळताना घास अडकणे, शौचास काळे होणे, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काहीही आढळले तर विम्याचे कागद बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठावे. छातीतील दुखणे मागच्या वेळी पित्ताचे निघाले म्हणून पुढच्या वेळीही ते पित्ताचेच असेल, असे घरच्या घरी ठरवू नये.

वडिलांची तक्रार पैशांची असेल तर तीही डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी. आपल्याकडे डॉक्टरांसमोर पैशांचा विषय काढायला माणसे उगाच संकोचतात आणि मग घरी येऊन परस्पर गोळी बंद करतात. व्होनोप्राझान भारतात २०२४ पासून मिळू लागले आणि आज ते अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात; त्यांच्या किमतींतही फरक असतो. डॉक्टरांना विचारून त्याच घटकाचे, त्याच मात्रेचे स्वस्त औषध घेता येईल.

आता विम्याकडे वळू. बहिणीचा सल्ला तिथल्या परिस्थितीत अगदी बरोबर आहे. अमेरिकेतील आरोग्य विम्यात बहुधा रोजच्या औषधांचाही समावेश असतो, विमा कंपनीची स्वतःची औषधांची यादी असते आणि महाग औषधाला मंजुरी देण्यापूर्वी ‘आधी स्वस्त औषध घेऊन पाहा, त्याने गुण आला नाही तर मग बघू’ अशी अट घातली जाते. तिथला सगळा झगडा त्या पूर्वपरवानगीसाठी असतो. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी मुळात हॉस्पिटलात दाखल होण्याभोवती रचलेली आहे. दाखल होण्यापूर्वीचे काही दिवस, दाखल असतानाचा काळ आणि घरी सोडल्यानंतरचे काही दिवस एवढाच तिचा आवाका असतो. त्याच्या बाहेर, दवाखान्यात जाऊन चिठ्ठी लिहून घेतली आणि औषध आणले, तर तो बाह्यरुग्ण खर्च ठरतो आणि ओपीडीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर तो मिळत नाही. तेव्हा गोळी स्वस्त की महाग, नवी की जुनी, याआधी तिचे बिल कोणत्या काळातले आहे हे पाहावे लागते.

तुमच्या बाबतीत सगळा निवाडा इथेच होतो. डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत बहुतेक पॉलिसींमध्ये ६० दिवसांची असते, काहींत ती ९० किंवा १८० दिवसांचीही असते, आणि ही मुदत डिस्चार्जच्या तारखेपासून मोजली जाते. ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला होता, त्याच आजारावरील औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी या काळात देय असते. फक्त दाखल असतानाचा मूळ दावा मंजूर झालेला असला पाहिजे, आणि तुमचा तो झालेला आहे. व्होनोप्राझानचा २० मिलिग्रॅमचा कोर्स आठ आठवड्यांचा, म्हणजे ५६ दिवसांचा आहे. तुमच्या पॉलिसीत ६० दिवसांचे कलम असेल तर हा संपूर्ण कोर्स त्यात बसतो. त्याला ओपीडी म्हणून नाकारणे चूक आहे आणि त्याविरुद्ध तुम्ही जरूर दाद मागावी. त्यानंतरच्या सहा महिन्यांची १० मिलिग्रॅमची गोळी मात्र या ६० दिवसांच्या मुदतीबाहेरची आहे. तिच्यासाठी दिलेला नकार पॉलिसीला धरून असेल, आणि त्यावर पत्रव्यवहार करण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन रकमा एकाच अर्जात एकत्र केल्या तर जिंकण्यासारखी बाजूही दुबळी होते.

हे कलम तुमच्या पॉलिसीत आहे की नाही, हे आधी डोळ्यांनी पाहा. ग्रुप पॉलिसीत कर्मचाऱ्याला सहसा चार पानी माहितीपत्रक मिळते. मूळ मास्टर पॉलिसी आणि तिच्या सर्व अटी कंपनीच्या एचआर विभागाकडे किंवा कंपनीने नेमलेल्या विमा ब्रोकरकडे असतात. हप्ता कमी ठेवण्यासाठी काही कंपन्या आई-वडिलांच्या बाबतीत ठरावीक लाभ कमी करून घेतात, त्यामुळे केवळ माहितीपत्रकावर विसंबू नये. एचआरकडून डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे कलम, आधीपासून असलेल्या आजाराविषयीचे कलम आणि न मिळणाऱ्या खर्चांची यादी अशी तीन पाने मागून घ्या. वडिलांचे पित्त जुने आहे, तेव्हा मधले कलम विशेष लक्ष देऊन वाचा. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींत त्यासाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, बहुधा माफ केलेला असतो आणि मूळ दावा मंजूर झाला त्या अर्थी तुमच्याकडेही तो माफ असावा. ब्रोकरला कंपनीचे पुढच्या वर्षीचे काम हवे असते, त्यामुळे एचआरने त्याला एक फोन केला तर अशी छोटी प्रकरणे कित्येकदा तक्रारीपर्यंत न जाताच सुटतात. तुमच्या प्रकरणात मी पहिला प्रयत्न तिथेच करीन.

एक्सक्लूजन १४ चा मुद्दा मला अधिक कच्चा वाटतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली, आणि त्यातील चौदावे कलम हे पूरक आहार, जीवनसत्त्वे, खनिजे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घेता येणारे पदार्थ यांच्याविषयी आहे. त्यातही, रुग्णालयातील उपचारांच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी या वस्तू लिहून दिल्या असतील तर ते कलम लागू होत नाही, असा अपवाद त्याच वाक्यात आहे. व्होनोप्राझान हे चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नाही. गोळ्यांच्या स्ट्रिपवर लाल रेघ आणि तशी सूचना छापलेली असते, तिचा फोटो काढून अर्जाला जोडा. शिवाय ते अँटासिडही नव्हे. अँटासिड तयार झालेले आम्ल मारते. हे औषध जठरातील आम्ल तयार करणारा पंपच रोखते. पॅन्टोप्राझोलही त्याच पंपावर काम करते, परंतु ते पंप चालू असतानाच नीट लागू पडते, म्हणून उपाशीपोटी, जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावे लागते. व्होनोप्राझानला जेवणाच्या वेळेचे असे बंधन नसते. जपानमध्ये त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि अन्ननलिकेच्या अशाच जखमांसाठी अमेरिकेतही ती २०२३ मध्ये मिळाली.

हा गोंधळ कुठून होतो, तेही सांगतो. दावा तपासणाऱ्या माणसापुढे औषधाच्या दुकानाचे बिल आणि ओपीडीची चिठ्ठी असते. फेरतपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी घाईत नुसते ‘ॲसिडिटी’ किंवा ‘एपीडी’ (ॲसिड पेप्टिक डिसीज, म्हणजे आम्लपित्ताचा विकार) लिहिले असेल, तर डिस्चार्ज कार्डावरील ‘इरोसिव्ह इसोफेजायटिस, ग्रेड सी’ या निदानाशी त्याचा संबंध त्याला दिसत नाही आणि पित्ताची गोळी म्हणून तो बिल बाजूला सारतो. तुमच्याकडील चिठ्ठी एकदा काढून पाहा. त्यावर नेमके हेच लिहिलेले असेल, अशी मला दाट शंका आहे.

म्हणून डॉक्टरांकडून लेटरहेडवर अर्ध्या पानाचे पत्र घ्या. ‘या औषधाची आवश्यकता आहे’ एवढेच लिहिलेले पत्र निरुपयोगी असते. त्यात दाखल होण्याच्या व घरी सोडल्याच्या तारखा, एन्डोस्कोपीतील निदान ग्रेडसह, त्यापूर्वी पॅन्टोप्राझोल किती मात्रेत आणि किती काळ घेतले व तरीही जखमा कशा झाल्या, आता व्होनोप्राझान का निवडले, ते किती आठवडे द्यायचे आहे, आणि हे सारे दाखल असताना सुरू केलेल्या उपचारांचाच पुढचा भाग आहे, एवढ्या गोष्टी यायला हव्यात. पत्र मागताना वडील पॅन्टोप्राझोल खरोखर उपाशीपोटी घेत होते की सकाळच्या चहा-पोह्यांनंतर, हे डॉक्टरांना खरे खरे सांगा. कित्येक घरांत ही गोळी वर्षानुवर्षे नाश्त्यानंतर घेतली जाते आणि मग तिचा गुण येत नाही असा निष्कर्ष निघतो. डॉक्टरांना पुढचे औषध ठरवण्यासाठी ही माहिती लागते, आणि पत्रातही खोटे काही जाऊ नये.

हे कागद हाती आल्यावर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. टीपीए हा केवळ कागदांची हाताळणी करणारा मध्यस्थ आहे; दावा नाकारण्याची जबाबदारी विमा कंपनीची आहे, म्हणून पत्र कंपनीलाच लिहावे आणि टीपीए व एचआर यांना प्रत पाठवावी. भाषा संयमी ठेवा. मजकूर साधारण असा असू द्या :

“माझ्या वडिलांचा हॉस्पिटलातील उपचारांचा दावा (क्रमांक अमुक) आपण मंजूर केला आहे. त्याच आजारावरील डिस्चार्जनंतरच्या औषधांची बिले, डिस्चार्जच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आतील असूनही, अमुक तारखेच्या ई-मेलने नाकारण्यात आली. पॉलिसीतील अमुक क्रमांकाच्या कलमानुसार हा खर्च देय आहे. संबंधित औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे असून एक्सक्लूजन १४ त्याला लागू होत नाही. डॉक्टरांचे पत्र आणि औषधाच्या वेष्टनाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. कृपया दाव्याचा फेरविचार करावा. आपला निर्णय कायम असल्यास, तो पॉलिसीच्या कोणत्या अटीवर आधारलेला आहे आणि दावा पुनरावलोकन समितीने त्यास मान्यता दिली आहे का, हे लेखी कळवावे.”

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, विमा कंपनीतील अशा समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही दावा फेटाळता येत नाही, आणि पूर्ण वा अंशतः नकार देताना पॉलिसीतील नेमकी अट सांगावी लागते. हा प्रश्न लेखी विचारला गेला की प्रकरण एका ओळीचा ई-मेल पाठवणाऱ्या टेबलावरून उठून वरच्या माणसाकडे जाते.

दोन आठवड्यांत समाधानकारक उत्तर आले नाही तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. १५५२५५ हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. कंपनीने नकार कायम ठेवला, किंवा तुमच्या तक्रारीला महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, पण तिथे चकरा मारण्याची गरज नाही, कारण तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीतील तक्रारीही तिथे चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, मात्र आयोगाकडे प्रकरण दाखल केल्यास लोकपाल त्याच विषयाची तक्रार घेत नाहीत. काही हजारांसाठी आयोगाच्या तारखा घेत बसावे, असे मी सुचवणार नाही. नीट लिहिलेले एक पत्र आणि गरज पडल्यास लोकपालांकडे एक अर्ज, एवढे कष्ट या रकमेसाठी योग्य आहेत. त्यापलीकडे जाऊ नये.

एक दिवस ‘ॲडमिट दाखवण्याच्या’ सूचनेला मात्र ठाम नकार द्या. गरज नसताना कागदोपत्री रुग्ण दाखल दाखवणे ही फसवणूक आहे. ती उघडकीस आली तर केवळ हा दावा जाणार नाही. वडिलांचे संरक्षण रद्द होऊ शकते आणि ग्रुप पॉलिसी असल्यामुळे गोष्ट तुमच्या कंपनीपर्यंत, म्हणजे तुमच्या नोकरीपर्यंत पोहोचते. शिवाय केवळ तपासणी व निरीक्षणासाठी दाखल होण्याचा खर्च चौथ्या एक्सक्लूजनमध्ये वगळलेलाच आहे, त्यामुळे हा बनाव पहिल्याच छाननीत अडकण्याची शक्यता मोठी आहे. ते डॉक्टर ओळखीचे असल्याने तुमच्या भल्यासाठीच म्हणाले असतील. तरी नको.

पुढच्या सहा महिन्यांची तजवीज खिशातूनच करायची आहे, असे धरून चाला. त्या काळात व्होनोप्राझानच हवे की जखमा भरल्यावर योग्य वेळी घेतलेले पॅन्टोप्राझोल किंवा तत्सम जुने औषध पुरेल, हे डॉक्टरांना विचारा. ते पुरण्यासारखे असेल, तर जनऔषधी केंद्रात अशी औषधे बरीच स्वस्त मिळतात. कंपनी कर्मचाऱ्यांना जादा हप्ता भरून ओपीडीचे संरक्षण घेऊ देत असेल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचा हिशेब मांडा. त्याला बहुधा वार्षिक मर्यादा असते आणि कधी कधी हप्ता आणि मर्यादा यांत फारसे अंतरच नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही नोकरी सोडलीत तर वडिलांचे संरक्षणही बहुधा त्याच दिवशी संपते. त्यांच्या नावे स्वतंत्र पॉलिसी घेण्याचा विचार आताच करा आणि प्रस्ताव अर्जात हा आजार, एन्डोस्कोपी व दाखल होणे हे सर्व स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा.

राहिला तारखांचा विषय. वडील दाखल झाले त्याला पाच आठवडे झाले आहेत, म्हणजे डिस्चार्जपासून ६० दिवसांची मुदत असेल तर तिचे किमान साडेतीन आठवडे उरले आहेत. उरलेल्या कोर्सच्या गोळ्यांचे बिल या मुदतीत, वडिलांच्या नावाने आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. डिस्चार्जनंतरची बिले सादर करण्यासाठी बहुधा त्यानंतर १५ दिवस मिळतात, तेही कलमात तपासून घ्या. ग्रेड सी जखमा भरल्या आहेत की नाहीत आणि त्यांच्याआड आणखी काही दडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी उपचारानंतर पुन्हा एन्डोस्कोपी सुचवली जाते. कोर्स ५६ व्या दिवशी संपला असता तर ती मुदतीत सहज बसली असती. परंतु मध्ये आठवडाभर गोळी बंद राहिल्यामुळे डॉक्टर कोर्स लांबवतील आणि एन्डोस्कोपी ६० दिवसांच्या पुढे ढकलतील, अशी शक्यता आहे. तसे झाले तर दाव्यात बसवण्यासाठी तिची तारीख अलीकडे ओढण्याचा आग्रह धरू नका. डॉक्टर सांगतील त्या दिवशीच ती करा आणि तेवढा खर्च स्वतः सोसा.